ब्याण्णव कलमं आणि मी

आमच्या ह्यांच्याइतका काटेकोर माणूस अख्ख्या भोपाळात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोला माझा साष्टांग नमस्कार. पस्तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. हे निवृत्त झाले आणि तपासणी घरी आली. कुकरच्या शिट्ट्या हे मोजणार, दुधवाल्याने मापून दिलेलं दूध त्याच्यासमोर पुन्हा मापणार. झोपताना "गॅस बंद केलास ना?" म्हणून मला विचारणार, आणि मी हो म्हटलं की उठून स्वतः बघून येणार. अहो, मग मला विचारलंच कशाला?

मोटरहोमचं खूळही ह्यांचंच. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणून इंद्रपुरीतल्या आमच्या घरापुढे आठ महिने ठोकठोक केली. आत पलंग बसवला, ओटा बसवला, पडदे लावले. जायचं थेट कन्याकुमारीपर्यंत. मला कन्याकुमारीचं कौतुक नव्हतं, मला पहिल्या दिवशी नर्मदा ओलांडायची होती. माहेरी नागपूरला मी एकटी शंभरदा गेले असेन, पण दोघांनी नुसतं फिरायला म्हणून ती नदी कधी ओलांडलीच नव्हती. लग्नानंतर पचमढीला निघालो, तर ह्यांना कुलपाची शंका आली आणि बुधनीहून परत फिरलो. पुढच्या सगळ्या सहली अशाच अलीकडच्या काठावर बोंबलल्या.

निघताना ह्यांच्या हातात ब्याण्णव कलमांची यादी होती, प्रत्येकापुढे टिक. मिसरोदला पोचल्यावर कळलं की चौदाव्या कलमापुढे, म्हणजे मागच्या दाराच्या कडीपुढे, टिक नाही. परत घरी. कडी लागलेली होती. पुन्हा निघालो, तर मंडीदीपला ह्यांना पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व आठवला. पुन्हा घरी! व्हॉल्व बंद होता, माझं डोकं मात्र फिरलं. मी अबोला धरला आणि मागे जाऊन पडदा ओढून पलंगावर आडवी झाले.

ओबेदुल्लागंजला हे डिझेल भरायला थांबले. मी मागच्या दाराने उतरून पंपावरच्या बाथरूमला गेले. अबोला होता, सांगणार कसं? बाहेर येते तो गाडी गायब! माझा फोन गाडीत चार्जिंगला. शेजारच्या चहावालीने तिच्या फोनवरून ह्यांना चारदा फोन लावून पाहिला, पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे सतरावं कलम. "आंटी, बैठ जाओ, अंकल आ जाएँगे," म्हणत तिने स्टूल पुढे केलं. दोन तास मी त्या स्टुलावर बसून ह्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रडूही आलं. आता हे नर्मदा ओलांडून गेलेही असणार, आणि मी राहिले अलीकडेच.

ऊन कललं तेव्हा गाडी आली. हे उतरले ते पांढरेफटक.

"पुलाशी पोचलो, म्हटलं अबोला सोड आता, नमस्कार कर. पडदा सारला, तर तू नाहीस."

"मग आलात ना ओलांडून?"

"नाही. अलीकडूनच वळलो. एकट्याने कशी ओलांडायची?"

मग खाली बघत म्हणाले, की वाटभर ते माझ्याशी बोलत होते. पचमढीबद्दल, सगळ्याबद्दल. इतकं बोललो तरी ही हूं म्हणत नाही, म्हणजे फारच दुखावली आहे असं वाटलं. मी म्हटलं, आता सांगा. तर म्हणे, ते बोलून झालं, पुन्हा जमायचं नाही. जन्मात एकदा हा माणूस मन मोकळं करून बोलला, आणि ते ऐकायला पलंगावर फक्त उशी होती!

दिवस मावळता मावळता आम्ही पूल ओलांडला. मी पुढे, ह्यांच्या शेजारी बसून नमस्कार केला.

आता दुपारी मी मुद्दाम अबोला धरून पडद्यामागे पडते, कान टवकारून. हे पुन्हा काही त्यातलं बोलत नाहीत. दर दहा मिनिटांनी एवढंच विचारतात, "आहेस ना?" मी "आहे" म्हणते. तरी गाडी बाजूला घेऊन, पडदा सारून स्वतः बघून जातात. मग विचारलंच कशाला, असं मात्र मी आता म्हणत नाही.