चाळीस अंथरुणं, एकोणचाळीस माणसं

ती घटना आठवली की आजही सही करताना माझा हात क्षणभर थांबतो. मुलगी हसते. म्हणते, "बाबा, सोसायटीच्या पत्रावर सही करताय, कबुलीजबाबावर नाही." तिला मी काही सांगत नाही. आज लिहितो आहे.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सहायक पोलीस निरीक्षक म्हणून माझ्याकडे कैदी पार्टीचं काम होतं. कच्च्या कैद्यांना, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही अशांना, कारागृहातून न्यायालयात न्यायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, हे ते काम. आदल्या दिवशी कारागृहाकडून मागणीपत्र यायचं, त्याला कैद्यांची यादी जोडलेली असायची. मी माणसं आणि गाडी नेमून खाली सही करायचो, दिवसातून एकदा न्यायालयाच्या आवारात चक्कर मारायचो. ठाणे जिल्ह्यातलं ते कारागृह कोणतं, हे मी लिहीत नाही. माणसांची नावंही लिहीत नाही.

सहीबद्दल थोडं सांगायला हवं. मी मुरबाडच्या बाजूचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील शेवटपर्यंत अंगठा उठवत. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा त्यांनी मला कोऱ्या कागदावर सही करून दाखवायला लावली आणि तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. मला जे मिळालं ते शिक्षणानं आणि सरकारी वसतिगृहानं दिलं, हे मी कधी विसरलो नाही. पण नोकरीत पुढे असे दिवस आले की सकाळचा चहा येईपर्यंत माझ्या वीस सह्या होऊन जात. यादी वाचायची सवय कधी सुटली, ते मला कळलंही नाही.

एका सोमवारी सकाळी विठ्ठलवाडीहून एक बाई आल्या. साठीच्या आसपास, सुती साडी, हातात वही.

"जय भीम, साहेब. मी सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. आता कारागृहाची अशासकीय अभ्यागत आहे."

मी 'जय भीम' म्हणून खुर्ची दिली. अशासकीय अभ्यागत म्हणजे सरकारनं नेमलेली बाहेरची व्यक्ती. तिनं कारागृहात जायचं, जेवण, पाणी, औषधपाणी बघायचं, कैद्यांशी बोलायचं आणि तिथल्या नोंदवहीत आपलं मत लिहायचं. खरं सांगतो, अशा भेटी म्हणजे चहा-बिस्किटं आणि एक फोटो, असाच माझा समज होता.

त्या म्हणाल्या, "ड्युटी घेताना आम्ही पेशंटला 'कसं वाटतंय' विचारायच्या आधी बेड मोजायचो. बेड रिकामा दिसला की पहिला प्रश्न, पेशंट कुठंय? तुरुंगातही मी तेच करते. कैद्याला विचारून उपयोग नसतो. तो शिपायाकडे बघतो आणि म्हणतो, सगळं ठीक."

"बरं, मग?"

"पाच नंबर बराकीत चाळीस अंथरुणं आहेत, माणसं एकोणचाळीस. तीन भेटी झाल्या माझ्या, तिन्ही वेळा कोपऱ्यातलं तेच अंथरूण रिकामं. विचारलं की उत्तर एकच, तारखेला गेलाय."

"ताई, तारखेला तर रोज माणसं जातात."

"मी येते त्याच दिवशी? तिन्ही वेळा?" त्यांनी वही मिटली. "आणि त्या घोंगडीला पुवाचा वास आहे, साहेब. पहिल्यांदा थोडा होता. दुसऱ्यांदा वाढला. गेल्या खेपेला मला नाकाला पदर लावावा लागला. बत्तीस वर्षं ड्रेसिंग केलंय मी. कुणाचा तरी पाय सडतोय."

नोंदवहीत त्यांनी तसं लिहिलं होतं. खाली उत्तर आलं, 'पाहणी केली. तक्रार नाही.' मग त्यांनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. तो त्यांचा अधिकार होता.

"त्यात कैदी बाहेर गेल्याची नोंद आहे, आणि तिला जोडलेल्या आदेशावर सही तुमची आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून इथं आले. आमची भेट आठ दिवस आधी कळवावी लागते. पुढची याच गुरुवारी आहे."

त्या गेल्यावर मी फाइल काढली. तिन्ही तारखांच्या याद्यांत एक नाव समान होतं. खडवलीकडचा गवंडी, वय अठ्ठावन्न, मारामारीच्या गुन्ह्यातला आरोपी. हल्ली खटल्याची तारीख मोबाइलवरही दिसते. मी केस नंबर टाकला. त्या तिन्ही दिवशी त्याच्या खटल्याची तारीखच नव्हती. ज्या तारखा खरोखर झाल्या होत्या, त्यांना तो कारागृहातूनच व्हिडिओद्वारे पडद्यावर हजर झाला होता.

मग हा माणूस दिवसभर कुठं असायचा?

पार्टीच्या हवालदाराला बोलावलं. डोंबिवलीत राहणारा, मूळचा कोकणातला, तोंडाचा फटकळ. मी दार लावून घेतलं आणि तिन्ही याद्या त्याच्यापुढे ठेवल्या. चौकशीचा माझा अनुभव असा की खोटं बोलणारा आधी कागद हातात घेतो. यानं कागदांकडे पाहिलंही नाही.

"साहेब, आपण ड्रायव्हर-कंडक्टर. तिकीट तुम्ही फाडता."

"सरळ बोला."

"एखाद्या यादीत एका नावापुढे पेन्सिलीचं टिंब असतं. तो माणूस गाडीतनं उतरवायचा नाही, असा कारागृहातून निरोप. आम्ही नाय उतरवत. कोर्टाच्या आवारात गाडीत बसतो, संध्याकाळी परत."

"दिवसभर गाडीत? आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार." तो आता माझ्या नजरेला नजर देऊन बोलत होता. "खाली सही होती ना तुमची."

मी यादी उजेडात धरली. टिंब होतं. तिन्ही याद्यांवर होतं. मी तीनदा त्याच्याच खाली सही केली होती.

इथं माझी चूक झाली. त्याच दिवशी कारागृहात जाऊन त्या माणसाला बाहेर काढण्याचा आग्रह मला धरता आला असता. पण इतकी वर्षं पोलिसात काढलेला माणूस आधी पुरावा शोधतो. आत्ता गवगवा केला तर टिंबं खोडली जातील, असा विचार मी केला. हवालदाराला तोंड बंद ठेवायला सांगून मी गुरुवारची वाट पाहिली.

बुधवारी यादी आली. त्यात गवंड्याचं नाव होतं, पुढे टिंब होतं. या वेळी मी शब्दन् शब्द वाचून सही केली आणि गुरुवारी स्वतः गाडीबरोबर गेलो.

न्यायालयाच्या आवारात बाकीचे कैदी उतरले. मी मागच्या दारातून आत चढलो आणि तो वास आला. सिस्टरनं सांगितलेलं सगळं त्या वासात होतं. बाकाच्या टोकाला एक माणूस पाय लांब करून बसला होता. पायाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली होती. ती मी थोडी बाजूला केली. बोटं काळी पडली होती. नोकरीत मी रेल्वे रुळांवरची प्रेतं उचलली आहेत. पण जिवंत माणसाचा असा पाय पाहिला नव्हता.

"बाबा, किती दिवस झालेत?"

"मोजले नाय, सायब. साखर हाय मना. जाम ठणकायचा आधी. आता ठणकत पन नाय."

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, रुग्णालयात नेऊ या का थेट?"

"परवानगी कुणाची? यादीत काय लिहिलंय?"

"कोर्टात हजर करावे."

"मग करू या हजर."

आम्ही दोघांनी त्याचे हात आमच्या खांद्यांवर घेऊन त्याला वर नेलं. लिपिक म्हणाला, "अहो, याची केस आज बोर्डावर नाही." मी म्हणालो, "माझ्याकडे हजर करण्याचा लेखी आदेश आहे." खुर्चीवर तरुण न्यायाधीश होते. आधी ते चिडले. मग वास त्यांच्यापर्यंत पोचला. मी चिंधी सोडली. न्यायाधीश खुर्चीतून उठले, खाली आले आणि त्यांनी जवळून तो पाय पाहिला. पाच मिनिटांत तातडीनं रुग्णालयात नेण्याचा आदेश निघाला आणि मी पुढे केलेल्या टिंबाच्या चारही याद्या त्यांनी ठेवून घेतल्या.

संध्याकाळी सर्जननं गुडघ्याखाली पाय काढला. मी विचारलं, सोमवारी आणला असता तर? तो हात पुसत म्हणाला, "टाच वाचली असती कदाचित. महिन्यापूर्वी आणला असता तर एक बोट गेलं असतं."

निरोप मिळून आलेल्या सिस्टर तिथंच बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना टिंबाबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"पुरावा मिळाला ना, साहेब? बरं झालं."

आणि त्या उठून वॉर्डाकडे गेल्या.

चौकशी झाली. कारागृहाच्या अधिकाऱ्याला मी चांगलंच कोंडीत पकडणार होतो. त्यानं शांतपणे दोन पत्रं टेबलावर ठेवली. या कैद्याला रुग्णालयात दाखल करण्यासाठी गार्ड मिळावा, अशी दोनदा केलेली मागणी. दोन्हींवर उत्तर होतं, 'मनुष्यबळ उपलब्ध नाही.' खाली माझी सही.

"रुग्णालयात चोवीस तास गार्ड लागतो, तो तुम्ही दिला नाहीत," तो म्हणाला. "कोर्टाच्या गाडीत एक माणूस जास्त झाला तर कुणाला कळत नाही. पाहणीत हा दिसला असता तर मी काय उत्तर देणार होतो? चुकलो मी. पण एकटा नाही."

मला ती पत्रं आठवतही नव्हती. मी माझा जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. तीन सह्या न वाचता केल्या, दोन नकार न वाचता दिले, तीन दिवस पुराव्यासाठी घालवले. दोघांनाही शिक्षा झाली. माझी मला कमीच वाटली.

गवंड्याला जामीन मिळाला. तो घरी जायच्या आधी मी त्याला रुग्णालयात भेटलो. माफी मागायला गेलो होतो. तोच म्हणाला, "दुसऱ्या खेपेला तुमी गाडीजवळनं गेलेलात. मी हाक मारलेली, सायब, पाय बघा. तुमी बोललात, थांब बाबा, पुकारा होईल."

मी तसं म्हणालो असेन. रोज वीसजणांना म्हणायचो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं. कोंडलेल्या माणसाकडे जाणारी वाट आम्हा सरकारी माणसांच्या कागदांनी भरलेली असते, आणि प्रत्येकाचा कागद बरोबर असतो. तिथं बाहेरचं कुणीतरी जायला हवं, न कळवता जायला हवं आणि त्यानं मोजायला हवं. सिस्टरच्या आग्रहानं त्या कारागृहात पुढे न कळवता भेटी सुरू झाल्या.

बदली होण्यापूर्वी मी त्यांची नोंदवही मागून वाचली. पाय काढला त्यानंतरच्या भेटीची नोंद दोन ओळींची होती. 'बराक पाच. अंथरुणं चाळीस, माणसं एकोणचाळीस. एक रुग्णालयात, त्याला भेटून आले.' खाली त्यांची सही होती. मी ती बराच वेळ बघत राहिलो. माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवावी अशी ती सही होती.