नाताळचा नैवेद्य आणि माईचे तिकीट

गेल्या मंगळवारी इंग्लंडहून पार्सल आले. त्यात निघाले ते असे: गुडघ्यांवर चढवायच्या लोकरीच्या पट्ट्या, एक जोड. लोकरीचे पायमोजे, दोन जोड. मिनूने काढलेले चित्र, एक; त्यात मधोमध मी आहे म्हणतात, मला ते झाड वाटले. आणि विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट, एक, माईच्या नावाचे. कस्टमचे अकरा रुपये चाळीस पैसे भरले. तिकिटावर काही पडले नाही. पोस्टमनला चहा दिला, तो यात धरलेला नाही.

माई म्हणजे सांगलीची माझी थोरली मावसबहीण. तिचा मुलगा सुधीर आणि सून नलिनी दोघेही इंग्लंडात डॉक्टर, आणि मिनू ही त्यांची चार वर्षांची मुलगी. गेल्या नाताळात मी मिनूला सांभाळायला सहा आठवडे त्यांच्या घरी राहून आले. तेव्हापासून माई माझ्याशी बोलत नाही. नलिनीची पाकिटे ती न फोडता परत करते, आणि माझ्या पत्रांना उत्तर नाही. पण आपल्या महिला मंडळाचा अंक ती शेवटच्या पानावरच्या वर्गणीदारांच्या नावांपर्यंत वाचते हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रवासाची हकीकत इथे लिहिते. इतर भगिनींना कधी जायचे झाले तर त्यांनाही उपयोग होईल.

जाण्याचे ठरले ते असे. नाताळात तिकडच्या डॉक्टरांना सुटी हवी असते, म्हणून आपल्या लोकांना ड्युटी लागते. मिनूला बघणारी बाईही नाताळाला आपल्या गावी जाणार. सुधीरने लिहिले, मावशी, तू ये. तिकीट आमचे, राहणेखाणे आमचे, शिवाय आठवड्याला चार पौंड. आमच्याकडे हे पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. ते म्हणाले, "जा की. मी चार हिवाळे बर्फात काढलेत, तुला सहा आठवडे काय जड न्हाईत."

शेजारच्या पारूबाई म्हणाल्या, "आवं, इमानात बसून जायाचं आन् पोरगीच धुवायची? हितं काय पोरांचा तुटवडा हाय व्हय?"

पलीकडच्या शांताबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स आहेत. दर नाताळला त्यांच्याकडून आम्हाला करंज्या-चिवड्याचे ताट येते. त्या म्हणाल्या, "काकू, तिकडं करंज्या मिळतील या आशेवर जाऊ नका."

निघण्याआधी सांगलीला माईकडे गेले. तिने एक खोली रंगवून घेतली होती, पोपटी. खिडकीला नवी जाळी, कोपऱ्यात छोटी खाट. माई म्हणाली, "नलूची परीक्षा हाय. तवर पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. सुधीरशी बोलणं झालंय. तुझ्या अंगावर रुळली की येताना संगं घेऊन ये. रुळव तिला. तुला त्याच्यासाठीच धाडतीय." मी बरे म्हटले. मिनूसाठी परतीचे अर्धे तिकीट सुधीरने काढूनच ठेवले होते. म्हणजे माझे काम सोपे होते. पोरीला माझा लळा लावायचा आणि आईपासून उचलून आणायची.

आता प्रवास. सातारा ते मुंबई एस.टी.ने गेले. सकाळची गाडी धरावी, दुपारची घाटात तापते. पासपोर्टाला वेळ लागतो, पोलीस घरी येऊन विचारून जातात, त्यांना बसायला पाट द्यावा. टोचण्यांचे पिवळे कार्ड विसरू नये. सरकार फार थोडे पौंड नेऊ देते, पण विमानात पैसे लागत नाहीत. शाकाहारी जेवण आधी सांगावे लागते. मी सांगितले होते, तरी ताटात काय आहे ते शेजारच्या गृहस्थांना विचारूनच खाल्ले. लंडनला कस्टमच्या माणसाने भाजणीचा डबा उघडून वास घेतला आणि हे काय म्हणून विचारले. मी म्हटले, "फूड." तो म्हणाला, "आर यू शुअर?" मी म्हटले, "यस."

सुधीर मोटार घेऊन आला होता. त्याचे गाव यॉर्कशायरात, गिरण्यांचे. घरे एकाला एक चिकटलेली, विटांची, धुराने काळी. आत शेगडी भिंतीत असते आणि तिच्या शेजारच्या पेटीत दहा पेन्सचे नाणे टाकले की गॅस पेटतो. नाणे संपले की थंडी. डाळ, पीठ, मिरच्या ब्रॅडफर्डला मिळतात, आठवड्यातून एकदा आणाव्यात. कोथिंबिरीचे नाव काढू नये. दूध बाटलीत दारात येते आणि कोणी चोरत नाही. देवासाठी मला कपाटाचा एक खण मिळाला. उदबत्ती खिडकी उघडून लावत असे, तेवढीच हवा.

मिनू पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला इंग्लिश येतं का?" नलिनी म्हणाली, "थोडं." मिनू म्हणाली, "मग राहू दे." तिला मराठी सगळे कळते, बोलते तिच्या सोयीने. काही खात नसे. तिसऱ्या दिवशी मी थालीपीठ लावले.

"मधे भोक का?"

"त्याला श्वास घ्यायला."

तिने विचार केला आणि भोक सोडून सगळे खाल्ले. मग म्हणाली, "भोक मम्मीला ठेवू." ते आम्ही बशीत झाकून ठेवले. नलिनी ड्युटीवरून आली आणि बशी उघडून बघत बसली.

नाताळची तयारी अशी. एक झाड मुळापासून तोडून दिवाणखान्यात उभे करतात. मग नाताळ होईपर्यंत त्याच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, झाडायच्या. त्या सतरंजीत रुततात, केरसुणीला दाद देत नाहीत, हाताने वेचाव्या लागतात. नात्यात पैसे घेतले म्हणून मला कोणी कोणी नावे ठेवली. त्यांनी एकदा त्या सुया वेचून पाहाव्यात.

चार आठवड्यांत मिनू माझ्याजवळ झोपू लागली. तेल लावून घेई, माझ्या बांगड्या मोजी, देवाला फूल वाही. सुधीर म्हणाला, "मावशी, काम फत्ते. माईला लिहितो." नलिनी तेव्हा भांडी पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनाही ड्युटी होती. तिकडे चारलाच अंधारते. मिनूने टेबलावर बशी मांडली: एक गोड पाय, म्हणजे आत मनुका घातलेली छोटी कचोरीच म्हणा, पेलाभर दूध आणि एक गाजर. सांता येणार आहे, त्याच्यासाठी. गाजर त्याची गाडी ओढणाऱ्या हरणाचे. मला बरे वाटले. म्हटले, पोर धर्मात वाढते आहे, धर्म कुठला का असेना. मी बशीभोवती पाणी फिरवले, हात जोडायला लावले, आणि ती दात घासून येईपर्यंत नैवेद्य उचलला. नैवेद्य का कोणी रात्रभर उघडा ठेवतो? पाय मोडून अर्धा मी तोंडात टाकला, अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि म्हटले, "घे, प्रसाद."

ती बशीकडे बघत राहिली. मग जे सुरू झाले ते रडणे नव्हे, भोंगाच.

"तो अजून आलाच नव्हता."

"देव असा दिसत नाही बाळा. तो वासाने घेतो, मग आपल्याला ठेवतो."

"तो देव नाही. तो जाडा आहे. तो खरंच खातो."

शिरा करते म्हटले, तर सांता शिरा खात नाही. दुकाने बंद झालेली. ती टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "तू तुझ्या घरी जा." चार आठवड्यांचे रुळवणे अर्ध्या पायात गेले. शेवटी भिंतीवर लावून ठेवलेला नंबर फिरवून दवाखान्यात फोन केला. म्हटले, "डॉक्टर नलिनी प्लीज. चाइल्ड क्राइंग. आय एट सांताज फूड." पलीकडच्या बाईने मला तेच पुन्हा म्हणायला लावले.

अर्ध्या तासात नलिनी आली, पांढऱ्या कोटातच, दवाखान्याच्या रुमालात दुसरा गोड पाय बांधून घेऊन. तासाभराची परवानगी काढली होती. तिने पाय बशीत ठेवला. मिनूने त्याच्याकडे पाहिलेही नाही. टेबलाखालून निघून आईच्या मांडीवर बसली आणि गळ्यातल्या नळ्या मुठीत धरल्या. नलिनी तिचे डोळे पुसून म्हणाली, "मिनू, थोडे दिवस मावशीआजीबरोबर सांगलीला राहशील? तिथे दुसरी आजी आहे. माई."

"तू?"

"मी परीक्षा झाली की येईन."

मिनू म्हणाली, "तिथून फोन केला तर किती वेळात येशील?"

नलिनीला सगळ्याला उत्तर असते. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तशीच बघत राहिली. सांगलीहून परदेशचा फोन लागायलाच दिवस जातो हे मला माहीत होते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सुधीरला म्हणाली, "अर्धं तिकीट रद्द करून टाक. परीक्षा पुढच्या वर्षी." सुधीरने माझ्याकडे पाहिले. मी सुया वेचत होते. त्याने विचारले, "मावशी, तुला काय वाटतं?" मी म्हटले, "मला आणायला सांगितलं होतं. पण हिला आणू नये असं वाटतं." सहा आठवड्यांत मला कोणी मत विचारले ते एवढेच.

परत आले ती एकटीच. मुंबईहून येऊन साताऱ्याला सामान टाकले आणि तशीच सांगलीची एस.टी. धरली, कारण अर्धे तिकीट रद्द झाल्याचे माईला पत्राने कळवण्याचा मला धीर झाला नव्हता. माई दारात उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, पोरीवरून ओवाळून टाकायला.

"पोरगी कुठं हाय?"

मी सांगितले.

"तुला मोकळ्या हातानं यायला धाडलं नव्हतं," माई म्हणाली. तुकडा तिने तसाच कावळ्यांना टाकला. मला चहा दिला. त्यात साखर नव्हती. ती विसरली असे मी धरून चालले, पण माई साखर विसरत नाही. ती पोपटी खोली आजही बंद असते असे कानावर आहे.

या प्रवासातून मजजवळ राहिले ते एक थर्मास, एक स्वेटर, आणि थालीपिठाचे भोक झाकून ठेवायची सवय. हे हसतात. मला पश्चात्ताप नाही. माईला दुखावले, ते मात्र रोज संध्याकाळी दिवा लावताना आठवते.

या नाताळात नलिनी अभ्यासाला बसते आहे, ड्युटीही आहे. मिनूजवळ कोणीतरी हवे. तिने आपल्या पगारातून माईचे तिकीट काढून माझ्याकडे पाठवले आहे. पोरगी आजीकडे येऊ शकली नाही, तर आजीने जावे, एवढाच तिचा विचार.

माई, तू अंक वाचते आहेस असे धरून लिहिते. गुडघ्यांचे म्हणशील, तर विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, फुकट. घरात जिना आहे, पण बसून उतरता येतो, मिनू तसाच उतरते. पट्ट्या आल्याच आहेत. साखर तिथे भरपूर आहे. आणि देवांचे म्हणशील, तुझ्या बाळकृष्णाला कोण न्हाऊ घालणार, कोण वस्त्र बदलणार, तर मी सांगलीला येऊन राहीन. दुसऱ्याच्या घरी राहून लहान मूर्ती सांभाळायची मला आता सवय झाली आहे. चार पौंड नकोत.

फक्त एक सांग. तुझ्या घरी नैवेद्य किती वेळ ठेवायची रीत आहे? यावेळी मला आधी विचारून घ्यायचे आहे. उलट टपाली कळव.