तिसऱ्या चौकटीतली खूण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या बाईला तर मुळीच नाही. मग आजच का? काल पारोळ्याच्या बाजारातून आले तेव्हापासून एका जागी बसवत नाही, म्हणून. तीनदा चहा ठेवला, तिन्हीदा निवून गेला. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि बोलते. मध्येच उठून ओट्याशी गेले तर रागावू नका.

मी विशेष शिक्षिका. ज्या मुलांची समज फार मागे राहिली आहे, ज्यांच्यापुढे नेहमीचा पेपर ठेवून उपयोग नाही, त्यांच्यासाठी स्कूटीवर पिशवी लटकावून गावोगाव फिरते. या मुलांची परीक्षा वेगळी असते. दात घासता येतात का, आपली चप्पल ओळखता येते का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणता येते का — अशा गोष्टी आम्ही त्यांच्याकडून करून घेतो आणि कागदावर लिहितो. प्रत्येक कामापुढे तीन चौकटी. स्वतः करते. सांगितल्यावर करते. हात धरून करते. एकीत खूण करायची, खाली आईची सही घ्यायची. झालं. किती सोपं, नाही? शेंबडं पोरही करील.

जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मूल किती पुढं गेलं ते दिसतं. आणि मूल पुढं गेलं की बाई पुढं गेल्या, हेही दिसतं. माझ्या आधीपासून तालुक्यात काम करणारे एक सर होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला म्हणाले होते, "मॅडम, जूनमध्येच पोराला गच्चीवर चढवून ठेवलंत, तर मार्चमध्ये आभाळात नेणार का?" सगळे हसले. मीही हसले. वर हे गाठीला बांधून ठेवलं — शहाणी ना मी!

सरांच्या डोक्यावर मात्र काही टाकत नाही मी. पेन माझ्या हातात होतं.

दुर्गा तेव्हा अकरा वर्षांची. भडगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातली. बोलायची चार-पाच शब्द, तेही तिला वाटलं तर. पण एक काम ती करायची, आणि काय ठसक्यात करायची! दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जायची, रांगेत डबा लावायची, पीठ होईपर्यंत पायरीवर बसायची आणि तेवढ्या डब्यांतून आपलाच डबा ओळखून घरी आणायची. डब्याच्या कडीला आईनं लाल चिंधी बांधलेली होती.

हे काही आपसूक झालेलं नव्हतं. अक्कानं, म्हणजे दुर्गाच्या आईनं, वर्षभर जिवाचं रान केलं होतं त्यासाठी. आधी बरोबर जायची. मग दहा पावलं मागं. मग दुर्गाला दिसू नये म्हणून निंबाच्या आडून, बैलगाडीच्या आडून. शेजारणी हसायच्या, सासू शिव्या द्यायची — वेडी पोर गाडीखाली घालशील म्हणून. अक्का कुणाला बधली नाही. हे तिनंच मला सांगितलं होतं, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढता वाढता, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

तर त्या जूनमध्ये मी दुर्गाची ही परीक्षा घेतली. अक्काला घरीच थांबवलं आणि मी दुर्गाच्या मागं-मागं गेले. पोरीनं सगळं केलं. सगळं. वर एका बाईनं घाईघाईत आपला डबा पुढं सरकवला, तर दुर्गानं तो दोन्ही हातांनी मागं ओढला आणि ओरडली, "मना नंबर!" माझा नंबर आहे, म्हणाली. अख्खी गिरणी हसली. मलाही हसू आलं, डोळेसुद्धा भरून आले.

आणि मग मी तिच्याच ओसरीवर बसून कागद भरला. स्वतः करते — तिथं खूण करायची होती. पेन तिथपर्यंत गेलंही होतं. पण मनात आलं, मार्चमध्ये काय दाखवू? या पोरीची दुसरी कुठली प्रगती मला जमणार आहे? मी पेन सरकवलं. तिसऱ्या चौकटीत खूण केली. हात धरून करते.

एवढ्यावर थांबलं असतं, तर ती कागदावरची लबाडी होती. अशा लबाड्या आम्ही सगळेच थोड्याफार करतो आणि रात्री झोपतोही. पण अक्का सातवी शिकलेली. सही करण्याआधी तिनं बोट ठेवून-ठेवून वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, आपली दुर्गी ते एकलीच जास ना? तुम्हीच देखं ना आते?"

काय अडचण होती? 'अगं, चुकलं गं,' म्हणायचं, खोडायचं, बरोबर करायचं. दोन क्षणांचं काम. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिनं पकडलं मला. आणि पकडलं गेलेलं माणूस काय करतं? आवाज चढवतं. मी पिशवी आवरत, तिच्याकडं न बघता म्हणाले, "जाते ती नुसत्या सवयीनं. तिला समजत काही नाही. रस्त्यात उद्या काही झालं म्हणजे? एकटीला पाठवत जाऊ नका, हात धरून न्या."

अक्कानं कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "तुम्ही शिकेल मानसं. तुमले जास्त समजस." आणि सही केली.

जी बाई सासूला बधली नाही, गावाला बधली नाही, ती मला बधली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिनं माझ्या एका वाक्यासाठी खोटं ठरवलं. मी तिला हे करायला लावलं — कळतंय ना तुम्हाला?

वर्षभर मी त्या घरी जात होते. महिन्यातून दोनदा. रंग ओळखायला शिकवत होते, जळ्ळे मेले ते रंग! दुर्गा दळणाला आईचा हात धरून जाते, हे मला दिसत होतं. एकदाही तोंड उघडलं नाही.

मार्च आला. मी ऐटीत म्हणाले, "चल दुर्गा, दळण घेऊन जा." तिनं डबा डोक्यावर घेतला, उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. मोकळा हात बाजूला काढून धरला. मी म्हटलं, जा ना. ती नुसती बोटं हलवत राहिली. अक्का हात पुसत धावत आली, "आते मी हात धरीसन लई जास ना तिले!" आणि मायलेकी निघाल्या. मी मागं. गिरणीत दोन बायांनी दुर्गाच्या डब्याच्या पुढं आपले डबे लावले. मी वाट पाहत होते. मनातल्या मनात म्हणत होते — ओरड गं बाई, एकदा ओरड. ती आईच्या दंडाला धरून उभी राहिली.

आता परत पेन माझ्या हातात. मी काय केलं असेल? पहिल्या चौकटीत खूण केली. स्वतः करते. या वेळी सही घेताना कागद दुमडून धरला, अक्काला वाचू दिलं नाही. तिनंही वाचायला मागितलं नाही.

तालुक्याच्या बैठकीत ते दोन कागद नमुना म्हणून सगळ्यांना दाखवले. वर्षभरात एवढी प्रगती! मला गुलाबाचं फूल दिलं, टाळ्या वाजल्या. मी उभी राहून नमस्कार केला. हो, केला.

या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. काल बाजारात मिरच्या निवडत होते, तर मागून हाक आली. अक्का. केस पांढरे, कंबरेत वाकलेली, आणि हाताला वीस-एकवीस वर्षांची दुर्गा. अंगानं आईपेक्षा थोराड. अक्काला मला बघून इतका आनंद झाला! बाजूच्या भाजीवालीला सांगायला लागली, ह्या आमच्या मॅडम, लई माया केली पोरीवर. पिशवी सावरायला तिनं दुर्गाचा हात सोडला मात्र, दुर्गानं लगेच माझा धरला. घट्ट, घामेजलेला हात. मला ओळखून नव्हे. रिकामा दिसला, म्हणून.

अक्का म्हणाली, "तुम्ही सांगेल व्हतं ना मॅडम, एकलीले धाडू नका. आजलगून नही धाडी मी."

भर बाजारात, दिवसाउजेडी, खरं सांगायची पुन्हा एकदा संधी होती. अक्का दोन पावलांवर उभी होती. वाट पाहत नव्हती, कौतुकानं बघत होती.

मी म्हणाले, "बरं केलं, अक्का."