हे गाणं नेमकं कुणाचं?

अश्दोदला माझ्या मावशीकडे गेले होते. आम्ही कोकणातले ज्यू; ती लग्नानंतर रेवदंडा सोडून इस्राएलला गेली, त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. एका संध्याकाळी समुद्राकाठी पंचवीस-तीस माणसं हात धरून गोल नाचत होती. गाण्याची चाल मला ओळखीची वाटली, म्हणून मी मावशीला म्हटलं, "विचार ना, हे गाणं कुठलं."

नाच थांबल्यावर तिनं विचारलं. घामेजलेली एक बाई म्हणाली, "आमचं, येमेनचं. आई कणीक मळताना म्हणायची." शेजारचे आजोबा हसले. "छे, रुमानियाचं. माझ्या बहिणीच्या लग्नात वाजलं होतं." नाच शिकवणाऱ्यानं दोघांनाही खोडून काढलं. म्हणे, शब्द किबुत्झमधल्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीतल्या, कुणा मास्तरांचे आणि चाल एका अरब मेंढपाळाची.

मावशी हे सगळं मला मराठीत सांगत होती. सांगता सांगता थबकली.

"अगं, हे तर आपल्याकडे रेवदंड्याला मेंदीच्या दिवशी बायका म्हणायच्या!"

"मराठीत? शब्द काय होते?"

तिनं तोंड उघडलं, पण नुसती चालच गुणगुणली. मग कावरीबावरी होऊन माझ्याकडे पाहिलं.

"की इथं आल्यावरच ऐकलं मी हे?"

मला तरी ते कुठून ओळखीचं वाटलं होतं? तेवढ्यात गाणं पुन्हा लागलं. येमेनच्या बाईनं मावशीचा एक हात धरला, आजोबांनी दुसरा. ती नाचू लागली, आणि तिचं एकही पाऊल चुकत नव्हतं.