सोनईचा लाल ठिपका

केडगावच्या ऑफिसात सुकन्याची खुर्ची भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यासमोर होती. पडद्यावर अख्खा नगर जिल्हा. ज्या गावातून इंटरनेटची तक्रार येई तिथे लाल ठिपका उमटे आणि तक्रार मिटली की तो हिरवा होई. देशभर पसरलेल्या त्या मोबाईल कंपनीत खाली कोण काय करतंय, हे वरच्या साहेबांना या ठिपक्यांवरूनच कळे. आपल्या जिल्ह्यात लाल टिकू द्यायचा नाही म्हणून सुकन्या डोळ्यांत तेल घालून बसे. तिच्या हाताखालचे तंत्रज्ञ तिला पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडावर मात्र ताई म्हणत.

ती मूळची सोनईची. वडील लवकर गेले. आईनं, मुक्ताबाईनं, शेत वाट्यानं लावून तिला नगरला शिकवलं. कंपनीत लागली तेव्हा सुकन्या तक्रारींचे फोन उचलायची. तिथेच तिच्या लक्षात आलं, की हे तंत्रज्ञ लोक गिऱ्हाइकाच्या घरी न जाता लिंबाच्या सावलीत बसूनच तक्रार बंद करून टाकतात. तिनं साहेबांना तोडगा सुचवला. तक्रार बंद करायचा कोड गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवायचा. गिऱ्हाइकानं तो सांगितल्याशिवाय ठिपका हिरवा होणारच नाही. तोडगा वरपर्यंत गेला, सगळीकडे लागू झाला, आणि सुकन्याला ही खुर्ची मिळाली. पडद्यावर गिऱ्हाइकाचं नाव न दिसता नुसता तक्रारीचा नंबर दिसावा, हेही डोकं तिचंच. वशिल्याला जागाच नको. तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्या दिवशी दुपारी एक सोनई सोडली तर सगळा जिल्हा हिरवागार होता. सुकन्यानं समर्थला फोन लावला. घोडेगावचा हा तिशीतला माणूस सोनईची कामं बघायचा. तो सांगू लागला, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलीय, जोडणारी माणसं नगरहून यायचीत, आज काही होत नाही. असली कारणं सुकन्याला पाठ होती. संध्याकाळच्या आत हिरवं दिसलं नाही तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं तिनं त्याला स्पष्ट सांगितलं. तो बरं म्हणाला.

थोड्या वेळानं ठिपका हिरवा झाला. तुटलेली केबल इतक्यात जोडली कशी, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. तिनं चहा मागवला.

चहा संपायच्या आत समर्थचा फोन आला. त्याला दम लागला होता.

"ताई, एक मावशी जिन्यावरून पडल्यात. गाडीत घालून नगरला आनतोय. त्यांनी पोरीचा नंबर दिला, तो लावला तर तुमचं नाव आलं."

सुकन्याला आधी काही उमगेचना. मग ती तशीच बाहेर पळाली. रिक्षात बसल्यावर तिनं रिक्षावाल्याला दोनदा चुकीच्या दवाखान्याचं नाव सांगितलं.

दवाखान्यात समर्थनं तिला सगळं सांगितलं. आधी कोड घ्यायचा, तक्रार बंद करायची आणि काम मागाहून सवडीनं करायचं, ही रीत तंत्रज्ञांनी केव्हाच पाडली होती. कायदा तिथे पळवाट! केबल तुटलेलीच राहायची, ठिपका हिरवा व्हायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं पुन्हा नवी तक्रार करायचं. मुक्ताबाईंची तक्रार अशी तीनदा मिटली होती. त्यांच्या जाड भिंतींच्या घरात रेंज येत नाही, म्हणून तर सुकन्यानं हौसेनं इंटरनेटचं कनेक्शन बसवून दिलेलं; घरात फोन त्यावरूनच लागे. ते बंद पडल्यावर रेंज फक्त गच्चीवर. कठडा नसलेल्या दगडी जिन्यानं आई रोज वर चढून लेकीशी बोलत होती. फोनवर कसला आवाज येतोय, असं सुकन्यानं विचारलं होतं, तेव्हा ती पंखा म्हणाली होती. तो वारा होता.

आज कोड वाचायलाही तीच चढली. समर्थ खालून म्हणत होता, मावशी, मोबाईल द्या, मी जातो. पण फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही, हे लेकीनं शिकवलेलं. तिनं वरूनच कोड ओरडून सांगितला, समर्थनं तो टाकला, आणि मागे धप्पकन आवाज झाला. म्हणजे पडद्यावर हिरवं झालं ते नेमकं तेव्हाच. सुकन्या भिंतीला टेकली. आपण चहा मागवला होता, एवढंच तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

मुक्ताबाई खाटेवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, सकाळी ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आतापर्यंत मला का नाही सांगितलंस, असं सुकन्यानं विचारलं.

"तूच म्हनली हुतीस, कंपनीत वशिला चालत न्हाई. तुला कशाला घोर?" मुक्ताबाई म्हणाल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या समर्थकडे बोट केलं. "ह्या पोराला काय बोलू नगंस. वरून कोन बाई हाय, ती लई छळती ह्यान्ला. आज तर म्हनली, कामावरून काढते. म्हनून म्हनलं, चढावं अजून एकदा. कोन गं ती? तुज्या वळखीची हाय का?"

समर्थनं मान खाली घातली.

"मीच, आई."

लेक थट्टा करतेय असं वाटून मुक्ताबाई तेवढ्या दुखण्यातही हसल्या. मग त्यांनी समर्थच्या तोंडाकडे बघितलं, आणि हसू तिथंच राहिलं.