गुडघ्याला उतार

कापणी झालेल्या खाचरांतून पहाटे एक वास उठतो; दहिवरात भिजलेल्या पेंढ्याचा, ओलसर, गोडसर, किंचित धुरकट. पोलादपूर मागे पडून आंबेनळी घाटाची पहिली चढण लागली, की तो छातीत भरून घेत मी धावू लागते. दरीत धुकं दाट सायीसारखं बसलेलं असतं, डोंगर अजून पुरते जागे झालेले नसतात, आणि त्या निवांत ऐश्वर्यात बुटांचा खटखटाट करणारी एकटी मीच! पंचेचाळिशी ओलांडलेल्या, महाडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे वेड कुठून लागलं, असं तुम्ही विचाराल. ह्यांचं ते कधीच विचारून झालंय. "घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं," असं पुटपुटत हे दर रविवारी स्कूटर काढतात, मला पायथ्याशी सोडतात आणि पोलादपूरला चहा पीत बसतात. कुरकुर चालू असते, पण माझ्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास भरायला मात्र विसरत नाहीत.

खरं घोडं अडतं ते माझ्या उजव्या गुडघ्यापाशी. चढावर तो अगदी गुणी. पण रस्ता उतरू लागला, की बाहेरच्या अंगाला अशी कळ उठते की डोळ्यांत पाणी यावं. गेल्या हिवाळ्यात डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत मोठ्या उतरणीवर मी मटकन खाली बसले आणि शेवटच्या रेषेपर्यंत आले ती आयोजकांच्या गाडीतून. गाडीतून उतरताना कुणीतरी भाबडेपणाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला जेवढं रडवलं, तेवढं गुडघ्यानेही रडवलं नव्हतं. यंदा पुन्हा नाव दिलं, तेव्हा व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतारावर पावलं आखूड टाका. आणि याही वर्षी बसलात, तर मॅडम, शर्यतींना रामराम." मी मान डोलावली, मनातून मात्र पार हबकले होते.

घाटातल्या एका वळणाला चार घरं आहेत. तिथल्या काशीकाकूंनी मला एकदा कठड्यावर बसून गुडघा चोळताना पाहिलं, चौकशी केली, पाणी दिलं. पुढच्या रविवारी मी जपून जपून खाली येत होते, तर अंगणातून हाक आली, "काय गो बाय, उतार हाय का?" मी धापा टाकत, मोठ्या उत्साहाने ओरडले, "हाय ना काकू, पार पोलादपूरपर्यंत!" काकू हातातला झाडू टाकून हसत सुटल्या. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "रस्त्याचा नाय गो! तुझ्या गुडघ्याला उतार हाय का?"

दिवसभर ते हसू माझ्या कानात होतं. आजाऱ्याला आपण सगळेच विचारतो, उतार पडला का. मीही शेकडो वेळा विचारलं असेल. पण ज्या शब्दाची मला धडकी भरत होती, तोच आपल्या भाषेत बरं होण्याचाही शब्द आहे, हे कधी मनात आलं होतं का? ताप चढतो, ताप उतरतो. राग चढतो, तोही उतरतो. दुखणं म्हणजे जणू माणूस नकळत चढून बसलेला डोंगर, आणि तिथून खाली यायचं तर उडी मारून चालत नाही. एकेक पाऊल जपून टाकावं लागतं. इतके दिवस मी माझ्या गुडघ्याला शत्रू मानून त्याच्यावर दात-ओठ खात होते. बिचारा तोही माझ्याबरोबर उतरतच होता की! त्यानंतर दर रविवारी अंगणातून तीच हाक येई, आणि मी इमानाने वर्दी देई: "थोडा हाय, काकू." "आज नाय." "आज बराच हाय!"

शर्यतीच्या दिवशी ती लांबलचक उतरण आली, आणि ठरल्यासारखी कळही आली. तरणीताठी पोरं-पोरी वाऱ्यासारखी पुढे गेली. मी पावलं आखूड केली, आणखी आखूड केली. शेवटी शेवटी तर लग्नाच्या वरातीतल्या म्हाताऱ्यासुद्धा माझ्यापुढे गेल्या असत्या! गुडघा कुरकुरत राहिला, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा, पण त्याने साथ सोडली नाही. मी रेषा ओलांडली तेव्हा मांडवाच्या कनाती सोडवायला सुरुवात झाली होती. हे थर्मास घेऊन उभे होते. म्हण-बिण काही न बोलता त्यांनी झाकणात पाणी ओतून माझ्यापुढे धरलं, आणि मला कृतज्ञतेने अक्षरशः भरून आलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून घाटात गेलो. मी पदक पुढे केलं. काशीकाकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, "बरा हाय," म्हणाल्या आणि ह्यांच्या हातात ठेवलं. मग मला ओटीवर बसवून त्या समोर उकिडव्या बसल्या आणि अंगठ्याने माझा गुडघा चाचपू लागल्या. "हितं दुखतंय? आनि हितं?" मी नाही म्हणत राहिले, आणि प्रत्येक नाहीला त्यांचा चेहरा उजळत गेला. शर्यतीत माझा नंबर कितवा आला, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.