प्रॉम्प्टरची जीभ

पडदा वर जातो तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. मधोमध चौकोनी टेबल, त्यावर प्लॅस्टिकच्या आवरणातलं मेनूकार्ड. डावीकडे काचेचं दार, उजवीकडे स्वयंपाकघराचं झुलतं फाटक. टेबलाशी तीन म्हातारे. एक मी, माझ्याबद्दल जास्त बोलत नाही, ते काम मी उमेदीत भरपूर केलं आहे. दुसरा आमच्या नाटक कंपनीचा मेकअपमन. तिसरा खिशातून छोटा टॉर्च काढून भर उजेडात मेनूकार्ड वाचतो आहे. टॉर्चच्या काचेवर निळा कागद चिकटवलेला. तो टॉर्च दिसला की वेटर पाठ ताठ करतो, गल्ल्यावरचा मालक उभा राहतो आणि स्वयंपाकघरात कुणीतरी हळूच म्हणतं, "आला."

हा आमचा कुजबुजे. खरं नाव बारशाला ठेवलं असणारच, पण पुढे कुणाला त्याची गरज पडली नाही.

अडतीस वर्षं हा डाव्या विंगेत पत्र्याच्या स्टुलावर बसला. मांडीवर नाटकाची वही, हातात हाच टॉर्च, निळ्या कागदासकट, म्हणजे उजेड प्रेक्षकांना दिसू नये. नट वाक्य विसरला की याने विंगेतून ते पुरवायचं. आमच्या कंपनीतल्या नटांची स्मरणशक्ती अशी दिव्य होती की काही प्रयोगांत आमच्यापेक्षा हाच जास्त बोलला असेल. टाळ्या आम्ही घेतल्या. याला प्रयोगानंतर दाद मिळायची ती एवढीच: "जरा लवकर सांगायचं होतंस." दिवसा तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे तिथेही दुसऱ्यांच्याच चुका. घरी बायको बोलकी होती. ती गेली, घरात बोलायला जागा झाली, तेव्हा याला सवयच उरली नव्हती.

कंपनी बंद पडल्यावर आम्ही तिघांनी एक रिवाज पाडला. दर गुरुवारी दुपारी नव्या हॉटेलात जेवायचं. जेवताना जेवणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही; नंतर समोर जो कुठला बसथांबा असेल त्याच्या बाकावर बसून मनसोक्त काढायचं. मेकअपमन रंगावर जायचा. "टोमॅटोच्या सूपला रूज जास्त झालंय," किंवा "माशाचा बेस नीट बसला नव्हता." मी प्रत्येक ठिकाणाला पाच स्टार द्यायच्या मताचा. ज्याने आपल्यासाठी शेगडी पेटवली, त्याला नावं कशाला ठेवायची?

"तू पडलेल्या नाटकालाही 'छान रंगलं' म्हणायचास," कुजबुजे म्हणायचा. "तुझ्या भरवशावर लोक उपाशी मरतील."

मग तो शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहायचा, घरी जाऊन एका बोटाने फोनवर उतरवायचा. फोन मुलीने दिला होता, त्यावर हॉटेलांबद्दल मत कसं टाकायचं तेही तिनेच शिकवलं. आणि अडतीस वर्षं तोंडात साठलेलं सगळं त्या फोनमधून बाहेर पडलं. 'सूप कोमट होतं. त्याला यायचं नव्हतं, कुणीतरी ढकललं असावं.' 'वेटरची एंट्री तीनदा चुकली, बिल घेऊन मात्र वेळेवर आला.' 'पावाला वय विचारणं बरं दिसत नाही, म्हणून विचारलं नाही.' लोक जेवायला निघण्याआधी हे वाचू लागले. एका मालकाने तर याचा रिव्ह्यू वाचून आचारी बदलला. नव्या आचाऱ्याबद्दल याने लिहिलं, 'आधीच्याची माफी मागावी.'

तर असा हा साऱ्या शहराचा जिभेचा बादशहा. त्याची जीभ चौदा महिन्यांपूर्वीच गेली होती.

एक ताप आला, गेला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. याने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते कस्टर्डमुळे. तापानंतरच्या पहिल्याच गुरुवारी एका हॉटेलात आचाऱ्याने कस्टर्डमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं. मेकअपमनने पहिला चमचा रुमालात परत केला. मी नट असल्यामुळे गिळला. कुजबुजेने वाटी चमच्याने खरवडून पुसून खाल्ली. मेकअपमन बससाठी पळाल्यावर मी विचारलं, "कसं होतं कस्टर्ड?"

"मऊ होतं," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून मान खाली घातली. "आता बंद करतो लिहिणं."

आणि मग बाकावर बसून त्याने मला आपली सगळी अडचण सांगितली. बंद कसं करायचं? आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं वाक्य ऐकत होते. मी म्हटलं, "बंद कशाला? अडतीस वर्षं तू मला सांगितलंस, आता मी तुला सांगतो."

कुजबुजायचं नाही, असं आधीच ठरलं. माझी कुजबूज त्याला पुरती ठाऊक होती. खुनाचा कट करायच्या प्रवेशात मी असा कुजबुजायचो की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या गृहस्थालाही कटात सामील झाल्यासारखं वाटायचं. वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं होतं. म्हणून आम्ही टेबलाखालून पायाची खूण ठरवली. एक धक्का, मीठ कमी. दोन, ठीक. तीन, जास्त. चवीचं बाकी सगळं नंतर बाकावर. मेकअपमनला यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या पोटात अन्नसुद्धा टिकत नाही, गुपित काय टिकणार? आणि सांगायला हरकत नाही, त्या चौदा महिन्यांत कुजबुजेचे रिव्ह्यू सुधारले. चवीचा अडथळा उरला नव्हता ना.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्याच्या मुलीने हॉटेल काढलं.

ती अठरा वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती. रोज चारशे पेशंटांचं जेवण. ती नोकरी सोडून तिने बंद पडलेल्या शिवणकामाच्या दुकानात सहा टेबलं मांडली. टेबलं म्हणजे तिथलीच जुनी शिलाई यंत्रं. वरची यंत्रं काढली, खालचे लोखंडी पाय, चाकं आणि पायाने दाबायच्या पायट्या ठेवल्या. वाढायला दवाखान्यातलीच एक निवृत्त मावशी. हॉटेल आठ महिने चाललं होतं, आणि त्या आठ महिन्यांत बापाने आजूबाजूच्या तीस हॉटेलांवर लिहिलं, हिच्यावर एक ओळ नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "वडलांनी अजून लिहिलं नाही?" आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनी अर्थ काढला: ज्याने कुणाला सोडलं नाही तो पोटच्या मुलीबद्दल गप्प बसतो, म्हणजे जेवण काय लायकीचं असेल. दुपारी टेबलं रिकामी राहू लागली.

एका रविवारी मी त्याच्या खोलीवर बसलो असताना ती आली. डबा ठेवला, पंखा लावला, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, गुरुवारी एक वाजता माझ्याकडे. गिऱ्हाईक म्हणून या. वाटेल ते लिहा. वाईट वाटलं तर वाईट लिहा. पण लिहा. तुमच्या या गप्प बसण्याने महिना-दोन महिन्यांत दुकानाला कुलूप लागेल."

"येतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर मी म्हटलं, "पाच स्टार टाक आणि मोकळा हो. मुलगी आहे तुझी."

"वहीत नसलेलं वाक्य मी कधी कुणाला दिलेलं नाही."

"मग मी पायाने सांगेन, तसं लिही. नेहमीसारखं."

तो डब्याचं झाकण फिरवत बसला. "बाकीच्यांचं उसन्या जिभेवर लिहिलं, ते लिहिलं," तो म्हणाला. "हिचंही तसंच लिहू?"

"दुसरी कुठून आणणार आहेस?" मी विचारलं.

गुरुवारी सहाही टेबलं भरलेली. बातमी मेकअपमननेच पसरवली होती. न्हाव्याकडे दाढी करताना बोललो फक्त, असं त्याचं म्हणणं. लोक जेवायला कमी आणि निकाल ऐकायला जास्त आले होते. कुजबुजेने टॉर्च काढला तशी खिडकीजवळच्या टेबलावरच्या जाड्या गृहस्थाने खुर्ची आमच्याकडे वळवूनच घेतली.

मावशीने सूप आणलं. "संपवायचं हं सगळं," ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. "उरलेलं मला चालत नाही."

आम्ही तिघांनी चमचे उचलले. सूप गरम होतं, रंगाला छान होतं, आणि त्यात मीठ म्हणाल तर समोरून कुणी मिठाचं पाकीट घेऊन गेलं असावं, इतपत होतं. कुजबुजेने घोट घेतला, डोळे मिटले आणि वाट बघू लागला. मी पाय पुढे सरकवला. धक्का बसला तो पायटीला. पायटी खाली गेली, चाक फिरलं, आणि टेबलाखाली खडखड खडखड सुरू झाली.

"कोण शिवतंय?" मेकअपमनने विचारलं.

मी पाय काढून दुसऱ्या बाजूने घातला. तिथेही लोखंड. कुजबुजेने एक डोळा उघडला. अडतीस वर्षं मी ज्या नजरेने विंगेकडे बघायचो, ती नजर आता समोरून माझ्याकडे बघत होती. पुढचं वाक्य मिळत नाही, वेळ चालली आहे, नाट्यगृह भरलेलं आहे. माझ्यातला नट हे सहन करू शकला नाही. मी तोंडावर हात धरला, पुढे वाकलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "मीठ कमी. फार कमी. चव लागतच नाही."

सहाही टेबलांवरचे चमचे थांबले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणंही थांबलं. पन्नास वर्षांपूर्वी मला ही शांतता मिळायला तिसऱ्या अंकापर्यंत वाट बघावी लागायची.

"त्याला कशाला सांगतोस?" मेकअपमन म्हणाला. "त्याला स्वतःची जीभ नाही का?"

मी आणि कुजबुजे, दोघांनी एकदमच वाटीत पाहिलं, त्यामुळे त्याला उत्तर मिळालं. मेकअपमन बाकी कशात मंद असेल, चेहरे वाचण्यात नाही. "अरे देवा," तो म्हणाला. "ते कस्टर्ड."

खिडकीजवळच्या जाड्या गृहस्थाने माझ्याकडे बोट केलं. "म्हणजे इतके दिवस आम्ही यांच्या जिभेवर जेवत होतो?"

"आपली तब्येत बघता मानवलेलं दिसतं," मी म्हणालो. तेवढंच सुचलं.

फाटक झुललं आणि मुलगी बाहेर आली, हातात पळी तशीच. सरळ बापासमोर उभी राहिली. "बाबा, कधीपासून?"

"झाले चौदा महिने."

"दर रविवारी माझा डबा खाऊन 'छान झालंय' म्हणता."

"म्हणतो."

"ते वाक्य कुणी सांगितलं? काकांनी?"

मी घाईने नकारार्थी मान हलवली. कुजबुजे म्हणाला, "ते मी माझ्या मनाचं म्हणत होतो."

पळीतून सूप जमिनीवर ठिबकत होतं, मावशी ते पायाने पुसत होती. मग मुलगी म्हणाली, "आता तर लिहूच शकणार नाही तुम्ही. लिहिलंत तरी कोण वाचणार?" तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. राग असता तर मी मध्ये पडून दोन वाक्यं म्हणून घेतली असती.

कुजबुजेने सूपची वाटी बाजूला केली आणि खिशातून वही काढली. हॉटेलात वही काढायची नाही हा आमचा नियम, तो त्याने पहिल्यांदा मोडला. पेन्सिलीने लिहिलं, दोन ठिकाणी खोडलं, आणि उभा राहिला. अडतीस वर्षं तो स्टुलावर बसूनच बोलला होता. उभं राहून बोलताना त्याचा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या टेबलावरचे लोक पुढे वाकले. मला त्याला पुढचं वाक्य सांगायची इतकी हुक्की आली होती की मी पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

त्याने वाचलं:

"चौदा महिने मला चव कळत नाही. या काळात लिहिलेलं सगळं माझ्या मित्राच्या जिभेचं आहे, भाषा माझी. आज जिथे बसलो आहे ते हॉटेल माझ्या मुलीचं आहे, हे धरून वाचावं. सूपची चव खात्रीलायक माणसाने सांगितली, ती सर्वांनी ऐकलीच आहे. मला जे स्वतःला कळलं ते असं: सूप तोंड भाजेल इतकं गरम आलं. पाव तोडताना त्याचा आवाज आला, म्हणजे आजचा आहे. वाढणाऱ्या बाईंना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही. आत शिजवणारी माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत. मी विंगेतला माणूस आहे, आतलं काय चाललंय ते मला कळतं. तीन स्टार."

खाली बसून त्याने तेच एका बोटाने फोनवर टाकायला घेतलं. त्याला वेळ लागतो. सगळं हॉटेल थांबून राहिलं. जाड्या गृहस्थाने आपला फोन काढून ठेवला, आणि मजकूर तिथे उमटल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, जणू आत्ता कानांनी ऐकलेलं छापून आल्याशिवाय खरं नव्हतं. मग त्याने मावशीला हाक मारली. एकदाच. "मलाही सूप आणा," तो म्हणाला. "आणि मिठाची बाटली."

दोन-तीन टेबलांवरून हसू आलं. मुलगी हसली नाही. "तीनच?" तिने विचारलं.

"तीन."

"मीठ कमी आहे हे तुम्हाला कळलंच नाही ना? काका म्हणाले म्हणून तुम्ही मानलंत. काकांचं तुम्ही आयुष्यात कधी काही मानलं आहे?"

"त्याच्या अभिनयाबद्दल मी कधी काही बोललो नाही, आताही बोलत नाही," कुजबुजे म्हणाला. "पण जीभ चांगली आहे त्याची." त्याने टॉर्च विझवला, खिशात घातला आणि तिच्या हातातली पळी काढून घेतली. "तू अठरा वर्षं पेशंटांसाठी शिजवलंस, बाळ. ही माणसं आजारी नाहीत. मीठ वाढव, मग चौथ्या स्टारचं बघू."